अर्धा रस्ता मोकळा

मंडळी, ऐका! आख्यान लावण्याआधी एक प्रश्न विचारतो. सोपा आहे, घाबरू नका! उपद्रव म्हणजे काय – आणि तो देतं कोण?

काय म्हणालात आजोबा? राक्षस! वा! शाबास! कुठलंही पुराण काढा. ऋषी बिचारे यज्ञ करतायत, राक्षस येतो, कुंडात हाडं टाकतो – झाला उपद्रव! ऋषींनी कधी कुणाला उपद्रव दिलाय? छे हो! ऋषी कसे देतील! आणि आपण सगळे कोण? ऋषी! उपद्रव नेहमी पलीकडच्या घरातनं येतो. हसताय? शेजाऱ्याकडे बघून हसू नका – समोर बघून हसा!

पण खरं सांगू? हा शब्द मी पोथीत शंभर वेळा वाचला होता, पण मला तो भेटला नगरपालिकेच्या नोटिशीत. एका देवळाच्या भिंतीवर, खळीनं चिकटवलेल्या कागदावर. 'सार्वजनिक उपद्रव' – मोठ्या अक्षरात! खाली बारीक टाइपात काय काय. भोंगा किती मोठा, चावरा कुत्रा कसा ठेवायचा, मांडव घातला तर रस्ता किती सोडायचा. मी वाचलं आणि हसलो. म्हटलं, बघा, नगरपालिकासुद्धा पुराण सांगायला लागली!

मंडळी, त्या हसण्याची मला आज लाज वाटते. – तबलजी, हात थांबवा जरा. ही गोष्ट मला ठेक्यावर सांगता येत नाही. ती सुरू केली की माझे पाय एका जागी राहत नाहीत. मी असा इकडून तिकडे फिरणार, तुम्ही सांभाळून घ्या.

तर – एक तांबट आळी. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं की तुम्ही म्हणणार, 'हां, तिथले लोक तसेच!' – आणि सुटलात! तर तांबट आळी. दोन्ही बाजूला तांब्याचे हंडे, घंगाळी ठोकणाऱ्यांची घरं. सकाळपासून ठक् ठक् ठक् ठक्! त्या आळीत भांडं पडलं तर कुणी मान वळवून बघत नाही. बरं, आळीचं एक तोंड मोठ्या रस्त्याला. दुसऱ्या टोकाला नाला, त्यावर दोन फळ्या टाकलेल्या. माणूस जाईल, वाहन जाणार नाही. हे ध्यानात ठेवा. आणि आळीच्या मधोमध दत्ताचं देऊळ.

देवळाचं सगळं बघायचे आबा करडे. स्वतः तांबट, हातात कला, मनात दत्त. माणूस सोन्यासारखा! सकाळी चारला उठून देऊळ धुणार, आल्यागेल्याला चहा देणार. मी कीर्तनाला गेलो की माझे पाय धुवायला स्वतः गरम पाणी आणणार. मी नको नको म्हणायचो, ते ऐकायचे नाहीत. आता या आबांना एका गुरुवारी देवळाच्या पायरीवर कुत्र्याचं पिल्लू सापडलं. गुरुवार! दत्ताची पायरी! आणि दत्ताच्या पायाशी कुत्री किती? चार. ते चार कुत्रे म्हणजे कोण?

चार वेद! बरोबर! आबांनी पिल्लाला उचललं आणि नाव ठेवलं – अथर्व! अहो, आळीत अथर्व नावाची तीन पोरं आधीच होती. आबांनी संध्याकाळी हाक मारली, 'अथर्वाऽऽ, जेवायला ये!' – की तीन पोरं आणि एक कुत्रा धावत यायचा!

हसा, हसा. मीही हसायचो. पुढं ते पिल्लू मोठं झालं. चांगलं कमरेएवढं. आणि लागलं की हो चावायला! आधी स्कूटरमागे धावणं. मग पोस्टमनची पँट. मग जोगळेकर मास्तरांच्या धोतराचा सोगा धरला – मास्तर एकीकडे, धोतर एकीकडे! – मग एका जावयाची पोटरी. दात लागले, इंजेक्शनं झाली. आणि आळी काय म्हणाली असेल? आळी म्हणाली, 'काय पाहुणे, प्रसाद मिळाला का?'

प्रसाद! ऐकलंत? कुत्रा चावला तर त्याला आळीत म्हणायचे प्रसाद! कारण कुत्रा दत्ताचा. त्याची तक्रार केली तर पाप लागेल! मंडळी, हा शब्द मीसुद्धा कीर्तनात वापरला. याच तोंडानं. 'अथर्वाचा प्रसाद कुणाकुणाला मिळालाय, हात वर करा!' – असा विनोद केला, आणि हशा घेतला. चांगला खळखळून हशा मिळाला होता.

आता या आळीत रोज येणारी एक बाई होती. कोंडाबाई. बोहारीण. हल्लीच्या पोरींना बोहारीण माहीत नसेल, म्हणून सांगतो. तुमचे जुने कपडे घेते आणि बदल्यात स्टीलचं भांडं देते. डोक्यावर ही एवढी पाटी, त्यात डबे, पातेली, वाट्या. पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, घर नाल्यापलीकडे. 'भांडीऽऽयेय!' अशी हाक. बायकांशी हुज्जत घालण्यात पटाईत! 'ताई, ह्यो शालू न्हाई, ही चाळण हाय! याला वाटीच ईल, डबा न्हाई ईत!' तिला दुकान नव्हतं, गाडा नव्हता. तिचं दुकान म्हणजे तिचे दोन पाय. ते चालले तर चूल पेटणार.

ती रोज आळीच्या तोंडाशी थांबायची आणि ओरडायची, 'आबा! याला धरा, मी जाती!' आणि आबा आतूनच काय म्हणायचे? कुत्रा पाळणाऱ्या तमाम लोकांचा एकच मंत्र आहे, त्यासाठी दीक्षा लागत नाही – 'अगं, काही करत नाही तो!'

काही करत नाही! अरे, तुला करत नाही! तू त्याला भाकरी घालतोस! तिनं काय घातलंय?

मग एक दिवस नगरपालिकेच्या निरीक्षक बाई आल्या. दाभाडे बाई. खांद्याला पिशवी, पायात साध्या चपला, बोलणं शांत. म्हणाल्या, 'आबा, हा कुत्रा चार जणांच्या अंगावर गेलाय, एकाला तर दात लागलेत. नोंदणी करा. बाहेर काढाल तेव्हा साखळी लावा, तोंडाला मुसकं बांधा. दारावर पाटी लावा.'

आबा ताडकन उठले! 'मुसकं? बाई, हा वेद आहे! वेदाला मुसकं घालता? आणि साखळी? तसबीर बघा! दत्ताच्या एका तरी कुत्र्याच्या गळ्यात साखळी दिसते का? दाखवा!'

सगळी आळी गोळा. सगळे खूश. आबांनी बाईंना गप्प केलं! मीही होतो, ओट्यावर चहा पीत. बाईंनी तसबिरीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, 'खरंय आबा, साखळी नाही. पण तसबिरीत ते कुत्रे कुठं बसलेत? मालकाच्या पायाशी. आणि मालक कुठंय? तिथंच उभा आहे. तुम्ही आत चहा पिताय आणि हा आळीच्या तोंडाशी आहे.'

मग माणूस काय करतो? आबा म्हणाले, 'तुम्ही सरकारी माणसं, तुम्हाला भक्तीतलं काय कळणार!' – टाळ्या! बाई आळीकडे वळल्या. म्हणाल्या, 'नोटीस मी दिली. त्यांनी ऐकलं नाही तर पुढं जायला मला इथल्या दोघांची लेखी तक्रार लागते. आमचा नियम तसा आहे. कोण देतंय?'

कोण देतंय? जोगळेकर मास्तर धोतर सावरत आत गेले. जावयाच्या सासूबाईंना दूध उतू गेल्याचं आठवलं. आणि मी? मी चहाचा घोट घेतला. मी काय, पाहुणा! मला काय करायचंय! दाभाडे बाई तीनदा आल्या मंडळी, तीन महिन्यांत. तिन्ही वेळा कोरा कागद घेऊन परत गेल्या.

– पाणी द्या जरा. हं.

आली दत्तजयंती. उत्सव जोरात! त्या वर्षी कार्यकर्त्यांनी नियमात राहून करायचं ठरवलं – हो हो, खोटं नाही सांगत! मांडवाला रीतसर अर्ज केला. परवानगी आली, शिक्का आला. कागदावर लिहिलेलं, 'रस्त्याचा अर्धा भाग वाहनांसाठी मोकळा ठेवावा.' आता तुम्ही सांगा, अर्धा म्हणजे कसा? असा उभा, की एका बाजूनं मांडव आणि दुसऱ्या बाजूनं गाडी जाईल! बरोबर?

आळीच्या शहाण्यांनी टेप लावला. आळीची लांबी दोनशे फूट. अर्धी किती? शंभर. मोठ्या रस्त्यापासून शंभर फूट मांडव – या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ठासून! – आणि नाल्याकडचे शंभर फूट मोकळे! 'घ्या! अर्धा रस्ता मोकळा!' अहो, मोकळा आहे, पण तिथं वाहन येणार कुठनं? नाल्यातनं? आणि यात लबाडी नव्हती हो. खरंच सांगतो, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण नियम पाळला. कार्यकर्ता मला अभिमानानं कागद दाखवत होता. मी म्हटलं, 'वा, आदर्श मंडळ!'

एका भिंतीच्या कडेला तेवढी दीड हाताची फट राहिली होती. मांडवाचं कापड आणि भिंत, यांच्यामधली. चार भोंगे बांधलेले. कीर्तन कुणाचं? माझं. अथर्व कुठं? आबा म्हणाले, 'आज जयंती! आज वेदाला कोंडायचं?' – मोकळा! आणि त्या मुक्या जिवाला ते भोंगे सहन होईनात. गर्दी, दणदणाट. तो बिचारा घाबरून त्या फटीत जाऊन बसला. भिंतीला पाठ लावून. थरथरत असणार. त्याचीही मला दया येते.

दिवस मावळायला आला होता. कोंडाबाई दिवसभर फिरून घराकडे निघालेली. पाटी भरलेली. मांडवाच्या तोंडाशी आली. 'दादा, जाऊ द्या की मधनं.' कार्यकर्ता म्हणाला, 'मावशी, कीर्तन चाललंय, पाटी घेऊन मधनं कुठं? कडेनं जा!' कडेनं म्हणजे त्या फटीतनं. ती शिरली. डोक्यावर पाटी, दोन्ही हात पाटीला. अंधारून आलेलं. मागं वळायला जागा नाही. आणि समोर – तो.

मंडळी, पहिला चावा पोटरीला बसला. ती ओरडली. पाटी पडली. वीस-पंचवीस भांडी एकदम आपटली दगडावर! आणि मी तुम्हाला सांगितलं ना, त्या आळीत भांडी पडली तर कुणी मान वळवत नाही! कुणी वळवली नाही.

पण मला ऐकू आलं. मला ऐकू आलं होतं! मांडवाच्या बाजूनं कुणी बाई ओरडतेय. माझं रंगात आलं होतं. जन्म जवळ आला होता. मला राग आला. मी माईकवरनं काय म्हणालो, शब्द न् शब्द सांगतो. मी म्हणालो, 'ऐन जन्माच्या वेळी कोण उपद्रव करतंय तिकडे? मंडळी, गजर असा करा की तो गलका ऐकू येता कामा नये!'

आणि टाळकऱ्यांनी टाळ उचलले. दोनशे माणसं. चार भोंगे. दत्तनामाचा असा गजर झाला, असा गजर झाला – पुढं महिनाभर लोक म्हणत होते की असा गजर ऐकला नव्हता! – आणि कापडाच्या पलीकडे, हातभर अंतरावर, ती बाई ओरडत होती, आणि जसजसा गजर वाढला तसतसा तो कुत्रा जास्त बिथरला.

जन्माच्या आधी रीत असते, ठाऊक आहे तुम्हाला. बुवा हात वर करतात. पेटी बंद, टाळ बंद. बायका फुलं घेऊन तयार. सगळं शांत. मी हात वर केला. शांत झालं. आणि त्या शांततेत आवाज आला – 'मायऽ... कुनी हाय का वो... कुनी हाय का...'

फुलं हातातच राहिली सगळ्यांच्या. पहिले उठले आबा. कापड टराटरा फाडून आत गेले, कुत्र्याच्या अंगावर पडले, त्याचा जबडा दोन्ही हातांनी उघडला. सगळं रक्त. आबा ओरडले, 'गाडी आणा!' गाडी आली हो. रुग्णवाहिका लगेच आली! आणि उभी राहिली शंभर फूट लांब, मांडवाच्या तोंडाशी. अर्धा रस्ता मोकळा होता – पण तो आमच्या मागं! मग चादरीची झोळी केली, आणि तिला त्या गर्दीतनं न्यायला लागलो. 'सरका! सरका!' – सरकतंय कोण! प्रत्येक जण उठून बघायला पुढं! 'कोण आहे? काय झालं?' झोळीचं एक टोक माझ्या हातात होतं. त्या शंभर फुटांत मला जो घाम फुटला, तो कुठल्या कीर्तनात फुटला नाही.

ती वाचली. मंडळी, वाचली! पण पायाची टाच उचलणारी शीर गेली होती. पाच ठिकाणी चावे. डॉक्टर म्हणाले, काठी घेऊन चालेल, पण डोक्यावर वजन घेऊन दारोदार – ते आता विसरा. झालं. दुकान बंद झालं.

चौथ्या दिवशी दाभाडे बाई दवाखान्यात आल्या. तोच कोरा कागद घेऊन. आबा कोपऱ्यात उभे, मी दाराशी. बाईंनी विचारलं, 'कोंडाबाई, एवढ्या जखमांवर तुमची एकटीची तक्रारही पुरते, ती लिहायची आहे. कुणाविरुद्ध लिहू? कुत्र्याच्या मालकाविरुद्ध?'

कोंडाबाईनं जरा विचार केला. हुज्जत घालणारी बाई ती, तोलून मापून बोलणार! म्हणाली, 'पयला चावा कुत्र्याचा, बाई. त्यो आबांच्या नावावर लिवा. दुसरा लिवा ज्यानं मला कडंनं घातलं त्याच्या नावावर. बाकीचं तीन हायती ना, ती त्या बुवाच्या नावावर लिवा. मी वरडले तवा कुत्र्यानं एकडाव सोडलं हुतं मला. मग त्यांनी भोंगा वाढीवला, अन् त्यानं पुन्यांदा धरलं.'

मी दाराशी उभा होतो. तिनं मला ओळखलं नव्हतं. पुढं झालो, म्हणालो, 'बाई, तो बुवा मीच. नारायण पुरोहित. नाव नीट लिहा.' आणि दाभाडे बाईंनी लिहिलं. बारा ओळींचा कागद आहे तो. त्यात मी आहे. सार्वजनिक उपद्रव – मी!

आबा पुढं आले. तिच्या पायाशी बसले. त्यांनी स्वतःच्या हातानं अथर्वाला मुसकं बांधलं होतं, अंगणात जाळीचा पिंजरा केला होता, नोंदणी केली होती. सगळं झालं होतं, चार दिवसांत! जे तीन महिन्यांत झालं नाही ते! आबा रडत म्हणाले, 'कोंडाबाई, मला माफ कर.' ती म्हणाली, 'केलं, आबा. तुमास्नी बी केलं, बुवास्नी बी केलं. आता माझा पाय द्या.'

काय देणार? आहे कुणाकडे?

तेव्हापासून मी भोंग्यावर कीर्तन करत नाही. म्हणून आज मागच्यांना थोडं कमी ऐकू येतंय. येऊ द्या. मला मात्र तुमच्या मागचं सगळं ऐकू येतं, दिसतंही, आणि मगापासून त्याचसाठी मी असा अस्वस्थ फिरतोय. अध्यक्ष महाराज कुठंयत? या, पुढं या. हा मांडव घातलाय, परवानगी आहे? काय? अर्ज केलाय? छान! आणि रस्ता किती सोडलाय? या उजव्या अंगाला? ती तर चपलांची रास दिसतेय मला! आणि त्यापलीकडे आडवा दोर! दोर कशाला? 'कुणी मधनं जाऊ नये म्हणून.' अस्सं!

मंडळी, तुम्ही म्हणाल बुवा आता उपदेश करतील, मग आरती, मग प्रसाद – नाही! आरती होणार नाही! आधी तो दोर सोडा. आत्ता! नियमावर चर्चा नको, 'एकाच दिवसाचा प्रश्न' नको. तुमच्यातले दोघं उठा. हां, तुम्ही, चौकटीचा शर्ट. आणि तुम्ही. गाठ घट्ट बसलीय? दातानं सोडा! चपला उचला, आपापल्या मांडीवर घ्या. लाज कसली!

आणि मागं बघा जरा. सगळ्यांनी. त्या दोराच्या पलीकडे एक बाई उभ्या आहेत. कडेवर पोर आहे, पोराच्या कपाळावर ओला रुमाल आहे. पाव तास झाला, उभ्या आहेत. मला इथनं दिसतायत. तुमची पाठ आहे त्यांच्याकडे. कीर्तन चाललंय म्हणून त्या बोलल्या नाहीत.

या ताई, या. दवाखाना याच बाजूला ना? या, घाबरू नका. – मंडळी, नाम मनात घ्या, तोंडानं नको. आणि पाय आवरा.